पेटीचं अस्तर

लठ्ठ्याचा तागा उघडून दोन बोटांत चोळला की त्यात कांजी किती मारली आहे ते मला कळतं. पहिल्या धुण्यात किती आटेल, उन्हात पिवळा पडेल की नाही, हेही बहुतेक बरोबर सांगतो. माझी विद्या एवढीच. ती गुलमंडीत कापडाच्या दुकानात गादीवर बसून मिळाली, आणि तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शवपेटीला आतून अस्तर लावताना. आमच्या मंडळीत कोणी वारलं की पहिला फोन पाळकसाहेबांना जातो, दुसरा मिस्त्रीला आणि तिसरा मला. वीसेक वर्षं हे असंच चालू आहे.

सहा फुटी पेटीला छत्तीस इंच पन्ह्याचा सहा-सात मीटर लठ्ठा लागतो. तळाला आणि झाकणाला एकेक पट्टी, तिसरी पट्टी उभी फाडून दोन्ही बाजूंना, उरलेल्यात डोक्याकडची आणि पायाकडची फळी. लठ्ठा कापायचा नाही, कात्रीने टोचा देऊन फाडायचा, म्हणजे सुतावर सरळ जातो. खाली लाकडाचा भुसा किंवा कापूस अंथरायचा. कापड कडेला दुमडून बारीक चुका ठोकायच्या आणि त्या झाकायला वरून लेस. लेस आमच्याच दुकानातली, साडीच्या फॉलशेजारच्या खणातली. झाकणावर पांढऱ्या फितीचा क्रूस. हे सगळं दोन तासांत व्हावं लागतं, कारण उन्हाळ्यात माणूस ठेवता येत नाही.

मी ख्रिस्ती घरात जन्मलो. पणजोबा जालन्याजवळच्या बेथेलचे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश मिशनचं काम करत जालन्याला आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. इकडे औरंगाबादेत रत्नजी नवरोजी या पारशी ख्रिस्ती माणसाने सीएमएस मिशनमधून मंडळी बांधली. आमच्यासारख्या मांग-महारांच्या घरांत या दोन्हीकडून शुभवर्तमान आलं. पणजोबांनी त्यासाठी गावाशी वैर घेतलं. माझ्यापर्यंत येता येता ते भिंतीवरचं कॅलेंडर आणि नाताळचा केक एवढंच उरलं होतं. बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण शाळेत असताना झालं, लग्न चर्चमध्ये लागलं. यातल्या कशासाठीही मला काही सोडावं लागलं नव्हतं.

दारूच्या कहाण्या सगळ्यांच्या सारख्याच असतात, म्हणून लांबवत नाही. लगनसराईत गुलमंडीत रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाईक असतं. बस्ता बांधायला खेड्यावरून अख्खं वऱ्हाड येतं, दिवसभर शंभर साड्या उलगडायच्या आणि शंभर घड्या घालायच्या. शटर ओढल्यावर पाठ मोडलेली असायची. तिथून सुरू झालं. मग लगनसराई नसतानाही पाठ मोडायला लागली. आधी मुलीच्या शाळेची फी गेली, मग गल्ल्यातून पैसे गेले. दुकानातून मला काढलं ते बरोबरच होतं. शेठ पोलिसात गेले नाहीत. सुपारी हनुमानाच्या चौकात भर गर्दीत त्यांनी मला गाठलं आणि एवढंच म्हणाले, ‘उद्यापासून येऊ नका.’ आधी ते मला ‘तू’ म्हणायचे. त्या दिवशीचं ते ‘येऊ नका’ शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतरचे काही महिने मी पैठण गेटापासून औरंगपुऱ्यापर्यंत उगाच फिरत असायचो. अशात एका सकाळी पाळकसाहेब घरी आले. मी उपदेश ऐकायच्या तयारीने बसलो. उत्तरंही तयार होती, पिणाऱ्या माणसाकडे ती कायम तयार असतात. साहेब म्हणाले, ‘छावणीतली आजी पहाटे गेली. पेटीला कापड लावणारे काका पुण्याला मुलाकडे राहायला गेले. तुम्हाला कापडातलं कळतं ना? चला.’

प्रार्थनासुद्धा केली नाही. स्कूटरवर मागे बसवलं, भडकल गेटावरून खाम नदीचा पूल ओलांडून छावणीकडे नेलं आणि मिस्त्रीच्या हवाली करून ते आजीच्या घरी निघून गेले. माझे हात इतके थरथरत होते की चुक धरता येईना. दारू न मिळालेल्या सकाळी असंच व्हायचं. दोन चुका वाकवल्यावर मिस्त्रीने हातोडी काढून घेतली. हे मुसलमान मिस्त्री, छावणीत त्यांचा पिढीजात धंदा. म्हणाले, ‘तुम कपडा खींच के पकडो, मैं ठोकता.’ तसं ते अस्तर लागलं. एका कोपऱ्यात सुरकुती राहिली होती. आजीला ठेवल्यावर ती तिच्या खांद्याखाली गेली आणि दिसेनाशी झाली. मला मात्र दफन होईपर्यंत तीच दिसत होती. कितीतरी दिवसांनी मी दारूशिवाय दुसऱ्या कशाचातरी विचार केला होता, तो हा.

त्या दिवशी मी सुधारलो नाही. संध्याकाळी प्यालो. पण पुढच्या वेळी फोन आला तेव्हा सकाळची घेतली नाही, कारण हात स्थिर हवे होते. दुपारपर्यंत थांबणं, मग संध्याकाळपर्यंत, मग एक अख्खा दिवस, असं ते मागे सरकत गेलं. मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांनाही गेलो. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून ही संघटना सुरू झाली. त्यांच्या पायऱ्यांमध्ये देव आहे, पण कुणाचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. तिथे माझ्या शेजारी एक हरिपाठवाले गृहस्थ बसायचे. येशूचं नाव न घेता मी पापकबुली पहिल्यांदा शिकलो ती तिथे. आमच्या मंडळीतल्या काहींना हे आवडलं नाही. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

चर्चमध्ये लोकांना माझी साक्ष हवी होती. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, ती साक्ष. एक-दीड वर्ष कोरडं गेल्यावर मला संजीवन सभांना बोलावणी येऊ लागली. पहिल्यांदा बोललो तेव्हा रडलो, ते खरं होतं. नंतर माझ्या लक्षात आलं की दरवेळी गोष्ट थोडी वाढते आहे. गल्ल्यातली रक्कम मोठी झाली. प्रत्यक्षात मी औरंगपुऱ्यात एका ओट्यावर झोपलो होतो, साक्षीत तो गटार झाला. मुलीची फी सांगताना कुठे थांबलं की बायका पदर डोळ्याला लावतात तेही कळलं. गिऱ्हाईकासमोर साडीचा पदर कधी उलगडायचा हे ज्याला कळतं त्याला हेही कळतंच. एकदा सभेहून परतताना बायको म्हणाली, ‘आज तुम्ही फारच वाईट होतात.’ ती हसत नव्हती. त्यानंतर मी साक्ष देणं बंद केलं.

बंद केलं याला आणखी एक कारण होतं. साक्षीची रचनाच अशी की आधी अंधार, मग प्रकाश, आणि गोष्ट संपली. माझं तसं नव्हतं. चारेक वर्षांनी मी पुन्हा प्यालो. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, दुःखही नव्हतं. भाच्याच्या लग्नात कुणीतरी ग्लास पुढे केला आणि मी घेतला. दोन आठवडे चाललं. कमिटीत विषय निघाला की या माणसाला पवित्र कामावर ठेवायचं का. वडील मंडळींपैकी दोघे ठाम होते की नको. त्या बैठकीत एक म्हातारी बाई होती, दवाखान्यात नर्स म्हणून निवृत्त झालेली. तिने विचारलं, ‘मग पेटी कोण करणार? तुम्ही?’ कुणी बोललं नाही. विषय तिथेच संपला. माझी परत उभारणी झाली त्यात देवाचा हात होता असं मी मनापासून मानतो. पण तो हात त्या दिवशी दुसरा माणूस मिळत नव्हता या रूपाने आला, हेही लपवत नाही.

पेत्राची गोष्ट मी तेव्हापासून वेगळी वाचायला लागलो. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा असतो आणि येशूची ओळख तीनदा नाकारतो. दुसऱ्यांदा तिबिर्य समुद्राच्या काठी, पुनरुत्थानानंतर, जिथे येशूने स्वतः विस्तव करून त्यावर मासे ठेवलेले असतात. त्या दुसऱ्या विस्तवाजवळ पेत्राला कुणी जाब विचारत नाही. माझ्यावर प्रेम आहे का, असं तीनदा विचारलं जातं आणि तीनही वेळा त्याच्यावर कळपाचं काम सोपवलं जातं. क्षमा केली असं वाक्यसुद्धा त्या प्रसंगात नाही. काम मिळालं, यातच पेत्राला समजायचं ते समजलं असावं.

मात्र याचा अर्थ मंडळीने डोळे मिटून विश्वास टाकावा असा मी घेत नाही. बारा शिष्यांची पैशांची पिशवी यहूदाकडे होती, आणि तो त्यातले पैसे काढायचा असं योहान स्पष्ट लिहितो. मला कुणी पिशवी दिली नाही. दान मोजायला मला आजवर बसवलेलं नाही. कापडाचे पैसेही माझ्या हातात येत नाहीत, खजिनदार परस्पर दुकानात देतात. काही शुभचिंतकांना यात माझा अपमान दिसतो. मला त्यात सोय दिसते. ज्याचा पाय एका जागी घसरतो त्याला तिथेच पुन्हा उभं करून परीक्षा घेण्यात कसलं प्रेम?

शेठने मला पुन्हा घेतलं, पण लगेच नाही. जक्कयाने चौपट परत करीन असं म्हटलं होतं. माझी ऐपत एकपटीची होती आणि तीही हप्त्याने. दुसऱ्या एका ठिकाणी माल चढवायचं काम करून दर महिन्याला पाकीट नेऊन द्यायचो. शेठ मोजून घ्यायचे, चोपडीत लिहायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी त्यांनी चोपडीत रेघ मारली आणि म्हणाले, ‘सोमवारपासून ये. गल्ल्याकडे बसायचं नाही.’ ‘तू’ परत आलं होतं. पेटीचा लठ्ठा ते आजही खरेदीच्या भावात देतात. मयताच्या कापडात नफा धरायचा नाही हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. तसं कापड घ्यायला आलेला माणूस दुकानात शिरला की मला लांबून ओळखू येतो. तो घासाघीस करत नाही आणि कापडाला हात लावून बघत नाही.

घरचा हिशेब मात्र असा मिटला नाही. मंडळीत परत घेतलं गेल्यावर मी बायकोला म्हणालो, आता देवाने माफ केलं, तूही कर. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘देवाचे पैसे नव्हते घेतले तुम्ही.’ यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. देवाची क्षमा मी घरात चेकसारखी वटवायला निघालो होतो. ती माझ्यासोबत राहिली, आजारपणात उशाशी बसली. पण पगाराचं पाकीट अजून तीच घेते आणि मुलगी तिच्या पैशाच्या गोष्टी आईशीच बोलते. मुलगी शिकली, नोकरीला लागली, ती फी तिच्या मामाने भरली होती. हे असं राहणार हे मी स्वीकारलं आहे. पश्चात्ताप माझा होता म्हणून त्याचं वेळापत्रक इतरांवर लादता येत नाही.

या काळात मला दोन पुस्तकी माणसांचा आधार झाला. एक रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांची भजनं आमच्या ‘उपासना संगीता’त आहेत, आणि लहानपणापासून मला ते संतच वाटत आले. मोठेपणी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं तेव्हा धक्का बसला. टिळकांचा राग, हट्ट, पैशातला अव्यवहार, बायकोला न सांगता घेतलेले निर्णय, लक्ष्मीबाईंनी सगळं हसत हसत मांडून ठेवलं आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने टिळकांचा स्वभाव धुऊन निघाला असं त्या कुठेच म्हणत नाहीत. तरी त्याच माणसाकडून ती भजनं लिहून झाली. उपासनेत ती गाताना मला आता त्यामागची ती घरातली भांडणंही आठवतात आणि भजन जास्तच आवडतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. केडगावला मंडळीची सहल गेली होती तेव्हा मुक्ती मिशन पाहिलं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली-बायका तिथे आणल्या. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. मला तिथे पटलं ते एवढंच की रमाबाईंनी कुणाला नुसतं प्रार्थनेला बसवून ठेवलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, जिला जे जमेल ते. आंधळ्या बायकांनाही ब्रेल आणि हातकाम शिकवलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर तिथल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं. सहलीतले बाकीचे चर्चसमोर फोटो काढत होते, तेवढ्यात मी बराच वेळ त्या छापखान्याची माहिती विचारत होतो.

पेट्या करताना माणसांबद्दल काय कळलं म्हणाल तर फार नाही. उंची विचारली की नातेवाईक नेहमी चुकीची सांगतात. गेलेला माणूस त्यांना होता त्यापेक्षा उंच आठवतो. म्हणून मी टेप घेऊन स्वतः जातो. लहान मुलाची पेटी असली की मिस्त्री दुकानाचं दार अर्धं लावून घेतात आणि आम्ही दोघे बोलत नाही. त्याबद्दल इथेही जास्त लिहिणार नाही.

एकदा माझ्याच पिण्याच्या बैठकीतल्या जुन्या सोबत्याची पेटी करायची वेळ आली. तो दारूतच गेला. घरच्यांना लाज वाटत होती, त्यांना सकाळी लवकर, चार माणसांत उरकायचं होतं. कुणीतरी असंही म्हणालं की याला साधं मांजरपाट चालेल, लेस कशाला. मी लेस लावली, तीही थोडी रुंद. पाळकसाहेब आता दुसरे होते, तरुण. त्यांनी विधी पूर्ण वाचला, एक ओळ गाळली नाही. खांदा द्यायला माणसं कमी पडली तेव्हा आमच्या सभेतले ते हरिपाठवाले गृहस्थ पुढे आले. कबरीवर माती टाकताना मला स्वतःबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती असं लोक म्हणतात. मला राग आला होता. तो आणि मी एकाच टेबलावर बसायचो, आणि त्याच्या घरी सकाळी कुणी स्कूटर घेऊन आलं नव्हतं.

करोनात काम थांबलं. देह प्लास्टिकच्या पिशवीतून यायचा आणि अंगभर पांढरा पोशाख घातलेली माणसं तो परस्पर खाली उतरवायची. गुलमंडी बंद, पेट्या बंद. ते दिवस मला सगळ्यात अवघड गेले. दुकानात पडून असलेल्या पॉपलीनचे आम्ही तिघा-चौघांनी तीन पदरी मास्क शिवले आणि त्यावर निभावलं.

आता पाळकसाहेबांनी माझ्या हाताखाली एक पोरगा दिला आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला, पंचविशीचा. कधी येतो, कधी फोन बंद ठेवतो. परवा त्याने लेस तिरकी ठोकली. काढ म्हटलं तर म्हणाला, ‘मामा, मातीतच तर जायलंय, कोण बघतंय?’ मिस्त्रीने न बोलता पक्कड त्याच्या पुढे सरकवली. त्याने कुरकुरत सगळ्या चुका उपटल्या, तोवर आमचा चहा आला.

शिवाय कमिटीत आता तयार पेट्यांचा विषय आहे. आत सॅटिन, बाजूला पितळी कड्या, फोन केला की दोन तासांत हजर. मी बघून आलो, माल चांगला आहे, शिलाई माझ्यापेक्षा साफ आहे. बैठकीत मत विचारलं तेव्हा मी घ्या म्हणालो. दोन घेऊन ठेवल्या आहेत. मात्र त्या एकाच मापात येतात आणि उंच माणसाला आखूड पडतात, म्हणून चर्चच्या फळ्यावर मिस्त्रीचा नंबर अजून आहे. त्याच्याखाली माझा, आणि गेल्या महिन्यापासून त्या पोराचाही. तो फोन उचलेलच असं मात्र सांगता येत नाही.